मावळतीचा हिशेब

माझ्या आईचा समुद्रावरचा एकच फोटो आमच्या घरात आहे आणि त्यात आई दिसत नाही. दिसतो तो तांबूस आभाळासमोरचा नऊवारीतला एक काळा आकार, त्याच्या खांद्याशी टिकलीएवढा पांढरा सूर्य आणि पलीकडे शिशासारखं पाणी. स्थळ रत्नागिरीचं मांडवी बंदर, काळ नोव्हेंबर १९९१, छायाचित्रकार प्रस्तुत लेखक.

तेव्हा मी बँकेच्या रत्नागिरी शाखेत अधिकारी होतो. आई माण तालुक्यातली. पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी असतं ते, अशी तिची आयुष्यभराची समजूत. साठी ओलांडली तरी तिनं समुद्र पाहिला नव्हता. कोकण रेल्वे यायला अजून सहा-सात वर्षं होती. दिवाळी आटोपून ती वडिलांना घेऊन एसटीनं कुंभार्ली घाट उतरून आली, अंग आंबलंय म्हणून दोन दिवस पडून राहिली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, ''चल, दाव तुझा समुद्र.'' वडील रेडिओपाशी बसून राहिले. माझ्या बायकोनं आईच्या अंबाड्यावर पांढऱ्या शेवंतीची वेणी माळली आणि आम्ही तिघं मांडवीच्या धक्क्यावर गेलो.

माझ्या गळ्यात पेंटॅक्स के-१००० होता, मेव्हण्यानं आखातातून आणलेला. दणकट आणि साधा कॅमेरा. त्याच्या मीटरला बंद करायचं बटणच नव्हतं; लेन्सवर झाकण लावलं की अंधार झाला असं समजून तो बिचारा झोपी जायचा. डोळा लावला की आतल्या चौकटीत उजवीकडे एक बारीक काटा दिसे. तो काटा मधोमध आला की प्रकाश बरोबर, एवढं ज्ञान मला माहितीपुस्तकातून झालेलं होतं आणि तेवढ्यावर मी स्वतःला छायाचित्रकार म्हणवत होतो. रोलमध्ये दोनच फोटो उरले होते. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. आई धक्क्यावरून पुढे चालली होती. ''आई, थांब तिथंच,'' असं ओरडून मी ॲपर्चरची कडी फिरवली, काटा मधोमध आणला आणि बटण दाबलं. उरलेला एक फोटो नुसत्या सूर्यावर खर्च केला.

आई परत जायच्या आदल्या दिवशी फोटो धुऊन आले. तिनं तो प्रिंट हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला आणि म्हणाली, ''माझा फोटू काढतो म्हणालास, अन् सूर्यनारायणाचा काढलास की रं!'' सगळे हसलो. पुन्हा ती कोकणात आली नाही. १९९६ साली ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधताना बहिणीच्या लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा करून घ्यावा लागला.

बँकेत दिवसाची कॅश जुळली नाही की रात्री थांबून फरक शोधावा लागतो. मावळतीच्या फोटोंचा माझा अभ्यास त्या जातीचा आहे.

पहिला फरक मीटरच्या स्वभावात सापडला. मीटरला म्हैस, बगळा, आई, समुद्र यांतलं काही कळत नाही. समोरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश तो मोजतो आणि गृहीत धरतो की समोर जे काही आहे ते मध्यम राखाडी आहे, पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. (हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं. त्या दिवसांत आमच्या कर्जांचे व्याजदर त्याच घरात होते.) मीटरवर विसंबून म्हशीचा फोटो काढा, म्हैस राखाडी येईल. बगळ्याचा काढा, बगळाही राखाडीच येईल. दोघांनाही न्याय दिला असं मीटरला मनापासून वाटत असतं.

दुसरा फरक सरासरीचा. के-१०००चा मीटर संपूर्ण चौकटीतल्या प्रकाशाची सरासरी काढी. सरासरी म्हणजे काय चीज असते ते रत्नागिरीच्या शाखेत बसलेल्या माणसाला सांगायला नको. आमच्या आंबेवाल्या खातेदारांची खाती एप्रिल-मेमध्ये फुगलेली असत आणि श्रावणात तळ गाठत. वर्षाची सरासरी शिल्लक काढली तर आकडा भारदस्त दिसे, पण तो ना मे महिन्याचं खरं सांगे ना श्रावणातलं. त्या आकड्यावर विसंबून ऑगस्टमध्ये चेक पास करणाऱ्या अधिकाऱ्याची जी गत होईल, ती त्या संध्याकाळी माझी झाली. चौकटीत सूर्य होता, म्हणजे मे महिना होता. आईच्या अंगावरची सावली म्हणजे श्रावण. सूर्याच्या एकट्याच्या तेजानं सरासरी वर गेली, काटा उसळला, तो मधोमध आणण्यासाठी मी ॲपर्चर बारीक केलं आणि आईच्या वाट्याचा प्रकाश बंद झाला.

मग मावळतीला मीटर वापरायचा तरी कसा? वापरायचा, पण त्याला काय दाखवायचं ते आपण ठरवायचं. आभाळाचे रंग हवे असतील तर कॅमेरा थोडा बाजूला किंवा वर फिरवून सूर्य चौकटीबाहेर घालवायचा, खालचं काळवंडलेलं पाणीही फार येऊ द्यायचं नाही, आणि सूर्याशेजारचा केशरी पट्टा तेवढा मीटरला दाखवायचा. जो आकडा येईल तो कायम ठेवून मग कॅमेरा पुन्हा हव्या त्या जागी आणायचा. केशरी अधिक गडद हवं असेल तर त्यातून अर्धा किंवा एक टप्पा प्रकाश कमी करायचा. एवढंच. पुढे माझा काटा चौकटीच्या मधोमध नसे, कधी खाली तर कधी वर लोंबकळत असे, आणि फोटो चांगले येत.

मीटर नसला तरी काम भागतं. माझ्या जुन्या डायरीत शंभर आयएसओच्या फिल्मसाठी तीन ओळी लिहिलेल्या आहेत. सूर्य पाण्याच्या बराच वर असताना १/२५० सेकंद आणि एफ ८. पाण्याला टेकताना १/१२५ आणि एफ ५.६. बुडून पंधरा-वीस मिनिटं झाल्यावर १/६० आणि एफ २.८. ढग किंवा धुरकं असेल तर थोडं इकडेतिकडे. या तीन ओळींचा अर्थ असा की घरी निघू का नको असा विचार करत आपण वाळूत बसलेलो असतो तेवढ्या अवधीत उजेड बत्तिसाव्या हिश्शावर येतो. डोळ्याला हे कळत नाही, कारण डोळा बाहुली मोठी करत करत आपल्याला फसवत राहतो.

शेवटच्या ओळीशी हातात कॅमेरा धरणाऱ्याची हद्द संपते. हाताची थरथर फोटोत दिसू नये म्हणून जुना आडाखा असा, की लेन्स जितक्या मिलिमीटरची, तितक्याव्या हिश्शाहून सेकंद लांबवायचा नाही. पन्नासची लेन्स असेल तर १/६०, दोनशेची असेल तर १/२५०. त्यापुढे तिकाटणं हवं, म्हणजे ट्रायपॉड, किंवा चारशेची फिल्म. ती शंभरच्या चौपट संवेदनशील, म्हणजे आणखी दोन टप्पे पदरात पडतात. मी तिकाटणं कधी घेतलं नाही. फिरायला निघालेल्या माणसानं लवाजमा कशाला बाळगायचा? धक्क्यावर दिव्याचा खांब असतो, त्याला पाठ टेकावी, कोपरं बरगड्यांशी घट्ट धरावीत, अर्धा श्वास सोडून थांबावं आणि बटण दाबताना ओढू नये. अशानं १/३०लाही हात साथ देतो. साठीनंतर पूर्वीइतका देत नाही, हेही नमूद करतो. आणि क्षितिज सरळ धरावं. समुद्र एका बाजूनं सांडून चाललाय असे फोटो मी इतके पाहिलेत की केशरी रंगाचं कौतुक करायचं राहून जातं.

सूर्याच्या आकाराबद्दल बहुतेकांचा भ्रमनिरास होतो. मावळताना तो ताटाएवढा वाटतो. प्रत्यक्षात आभाळात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश. पन्नासच्या लेन्समधून फिल्मवर त्याचा ठसा अर्धा मिलिमीटरही भरत नाही आणि मॅक्सी प्रिंटवर तो फार तर दोन मिलिमीटरचा होतो. मोठा सूर्य हवा तर लांबची लेन्स लागते, आणि लांब लेन्समधून वर तळपणाऱ्या सूर्याकडे डोळा लावणं म्हणजे डोळ्याशी वैर. तो निस्तेज, लालबुंद होईतो थांबावं. पाण्याला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्या कोकणच्या अक्षांशावर त्याला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. त्यातही गंमत अशी की तो टेकलेला दिसतो तेव्हा हिशेबानं क्षितिजाखाली गेलेलाच असतो. वातावरण त्याचा प्रकाश वाकवून आपल्यापर्यंत पोचवतं, म्हणून दिसतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून चपटा दिसतो. शिल्लक संपल्यावरही चालू असलेली ही उचल म्हणायची.

पाण्याचं गणित वेगळं. आपण जवळच्या पाण्यात सरळ खाली पाहतो तेव्हा ते आभाळाचा अगदी थोडा, दोनेक टक्के, उजेड परत देतं. लांबवर तिरपी नजर टाकावी तसा हा वाटा वाढत जातो. म्हणून पायाशी काळं आणि क्षितिजाशी चकचकीत असा तो असतो. तरी लाटांमुळे समुद्र आभाळापेक्षा एखाद-दोन टप्पे काळाच राहतो. आभाळ बरोबर आलं तर पाणी गडद येणार हे धरूनच चालायचं. ती सोन्याची पायवाट म्हणजे लाटांच्या असंख्य तिरप्या आरशांत दिसणारे असंख्य छोटे सूर्य. वारा असला की वाट रुंद होते, पाणी निवांत असलं की अरुंद. आणखी एक खुबी रत्नागिरीनं मला शिकवली. मांडवीची वाळू काळपट, तर उत्तरेला पांढऱ्या समुद्राची उजळ. लाट परतल्यावर ओली काळी वाळू क्षणभर आरसा होते. तेव्हा कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर नेला की आभाळ दोनदा मिळतं.

मग प्रिंट. मी मीटरला नीट दाखवून काढलेला गडद केशरी फोटो लॅबमधून फिका, पाणचट होऊन आला तेव्हा मी त्या लॅबवाल्याशी भांडलो. तो म्हणाला, ''साहेब, मशीन आपोआप सुधारतं.'' प्रिंट काढणाऱ्या यंत्रालाही सरासरीचाच रोग! काळोख फार आहे असं पाहून ते तो उजळ करी आणि केशरी छटा हा फिल्मचा दोष समजून पुसून टाकी. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातला 'ऑटो व्हाइट बॅलन्स' हेच उद्योग करतो. त्याला 'डेलाइट'वर किंवा 'क्लाउडी'वर ठेवलं की मावळती मावळतीसारखी येते. फिल्मची निगेटिव्ह मात्र उदार होती. दोन टप्पे जास्त प्रकाश गेला तरी सांभाळून घेई. कमी गेला तर मात्र तिच्याकडे द्यायला काही नसे. डिजिटलचं उलट आहे. अंधारातून बरंच वर काढता येतं, पण एकदा पांढरं फटक पडलं की तिथं पुन्हा काही सापडत नाही.

अन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचा एक किस्सा मला फार आवडतो. १९४१च्या शरदात न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरून मोटारीनं जाताना त्याला दिसलं, की मागे चंद्र उगवलाय आणि मावळतीची उन्हं कबरस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलीत. गाडी थांबवून त्यानं कॅमेरा उभा केला. तिकाटण्यावर, हातात नव्हे. आणि ऐन वेळी मीटर सापडेना! चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कॅन्डल असते हे त्याला पाठ होतं. त्यावरून त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि एक फोटो घेतला. खबरदारी म्हणून दुसरा घ्यायला प्लेट फिरवतोय तोवर क्रुसांवरचं ऊन गेलं. तो एकच फोटो जगभर गाजला. मीटर सापडला असता तर कदाचित तो काटा बघत राहिला असता आणि ऊन गेलं असतं, असं मला आपलं वाटतं.

माझ्याही त्या संध्याकाळीला दुसरी संधी नव्हती, आणि हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. जून १९९१मध्ये फिलिपाइन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला. त्याचे सूक्ष्म कण उंच वातावरणात पसरून जगभर फिरत राहिले आणि पुढे कितीतरी महिने देशोदेशींच्या संध्याकाळी नेहमीपेक्षा रंगीत होत गेल्या. आमच्या मागच्या आभाळात सूर्य बुडाल्यावर जांभळट गुलाबी झाक बराच वेळ रेंगाळलेली मला आठवते. ''रोजच असं असतं काय रं इथं?'' असं आईनं विचारलं आणि मी ऐटीत ''हो'' म्हणालो.

आता माणसाचं. आभाळ आणि चेहरा यांच्या उजेडात मावळतीला इतका फरक असतो की एका फोटोत दोन्ही राखणं जुन्या फिल्मला जड जाई. चेहरा हवा तर जवळ जाऊन मीटरला फक्त चेहरा दाखवायचा. जवळ जाणं शक्य नसेल तर तशाच सावलीत आपला तळहात धरून तो मोजायचा आणि तळहात मध्यम राखाडीपेक्षा उजळ म्हणून एक टप्पा प्रकाश वाढवायचा. मागचं आभाळ मग पांढुरकं होतं, ते होऊ द्यायचं. दोन्ही हवंच असेल तर आभाळापुरतं एक्स्पोजर ठेवून चेहऱ्यावर फ्लॅशचा हलका शिडकावा करायचा. माझ्या पेंटॅक्सवर त्यासाठी शटर १/६०वर आणावं लागे. आणि सगळ्यात सोपी युक्ती लोकांना सुचत नाही. आपण सूर्याकडे पाठ करून उभं राहावं. मावळत्या सूर्याचा उजेड समोरच्या चेहऱ्यावर पडतो, सुरकुत्याही सोन्याच्या होतात. १/१२५ आणि एफ ४. सूर्य फोटोत येत नाही, एवढंच काय ते.

गेल्या डिसेंबरात नातीला घेऊन मांडवीला गेलो होतो. धक्क्यावर पन्नास तरी फोन आभाळाकडे उंचावलेले. अकरा वर्षांच्या नातीनं आजीला उभं केलं, पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. आजी उजळली, सूर्य आभाळात विरघळला. मग तिनं सूर्याशेजारी बोट टेकवलं. सूर्य आला, आजी काळी. मी म्हटलं, बोट तिथंच दाबून धर म्हणजे त्या उजेडाला कुलूप लागेल, मग हवं तसं फिरव. ''माहितीये, आजोबा,'' ती म्हणाली आणि तिसरंच बटण दाबलं. फोनने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेऊन एकात मिसळले. सूर्यही आला, आजीही आली, आजीच्या साडीची किनारसुद्धा आली. चौतीस वर्षं मी ज्यासाठी झुरलो ते तिला बसल्या जागी मिळालं आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. मला मात्र तो फोटो जरा खोटा वाटला. डोळ्याला तेव्हा तसं दिसत नव्हतं. पण हे मी बोललो नाही. आजी खूश होती.

त्या रात्री नातीनं विचारलं, ''पणजीचा तो काळा फोटो नीट नाही का करता येणार?'' मी नेहमीप्रमाणे सांगितलं, निगेटिव्हवर उजेडच पोचला नाही, आणायचा कुठून? तरी जानेवारीत निगेटिव्हची पट्टी पुण्यातल्या एका स्कॅनवाल्या मुलाकडे नेली. त्यानं संगणकावर अंधार जेवढा वर ओढता येईल तेवढा ओढला. पडद्यावर दाणेदार, मातकट असं काहीतरी उमटत गेलं. लुगड्याचा रंग आला नाही. काठ आला नाही. डोक्याच्या जागी मात्र एक फिकट गोल डाग दिसायला लागला. मुलगा म्हणाला, ''काका, फंगस असेल.'' त्यानं आणखी मोठं केलं.

ती शेवंतीची वेणी होती. अंबाडा, त्यावर पांढरी वेणी, खाली मानेची कड.

म्हणजे आईनं माझ्याकडे पाहिलंच नव्हतं. मी थांब म्हणालो तशी ती थांबली होती, पण तोंड समुद्राकडे करून. काळ्या आकृतीत पाठ आणि पोट सारखंच दिसतं, आणि मी तेव्हा चौकटीत उजवीकडे, काट्याकडे बघत होतो. उजेड बरोबर धरला असता तरी तिचा अंबाडाच आला असता. चेहऱ्यावर तेव्हा सगळं ऊन असणार.

फोटोचा एक प्रिंट काढून घेतला. उजळलेल्या फोटोत तिच्या पायापुढची जमीनही थोडी दिसते. तिच्यापुढे आणखी आठ-दहा पावलं धक्का आहे, मोकळा.